चि. मुक्तास, येळवशीनंतर

लातूर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

त्या संध्याकाळी जेवताना तुझ्या स्क्रिप्टवरून आपलं वाजलं आणि पुण्याची गाडी सुटेपर्यंत तू माझ्याशी धड बोलली नाहीस, म्हणून लिहितोय. डब्यातली येळवशीच्या सणाची भज्जी आजच संपव, उद्यापर्यंत आंबेल. उंडे टिकतील. आप्पांचा गुडघा आता बरा आहे.

सर्व्हर आपोआप उभा करणारी तुझी स्क्रिप्ट मला फार आवडली. बँकेत असताना एक सर्व्हर उभा करायला आमचा आख्खा दिवस जायचा. सीडी घाला, विचारेल त्याची उत्तरं द्या, सेटिंग वहीत उतरवून घ्या आणि दुसऱ्या शाखेत जाऊन तेच पुन्हा करा. तरी दोन शाखांचे सर्व्हर कधी सारखे निघाले नाहीत. तू एक कमांड दिलीस आणि पोस्टग्रेस डेटाबेस बसला, युजर तयार झाले, त्याची कामाची मेमरी म्हणजे शेअर्ड बफर्स १२८ एमबीवरून रॅमच्या पाव हिश्शावर गेले, लॉगिनमधलं पासवर्ड न विचारणारं ‘ट्रस्ट’ जाऊन पासवर्ड तपासणारं स्क्रॅम आलं. सगळ्या मशीनवर एकसारखं. मी शेजारच्या काकांना दोनदा सांगितलं, आमच्या मुक्तानं केलंय म्हणून.

पण ती आरएम -आरएफची ओळ, डेटाची आख्खी डिरेक्टरी (फोल्डर) न विचारता पुसणारी. तिच्याबद्दल पुन्हा बोलायचं नाही असं ठरवून बसलो होतो. नव्या डेटाबेसची मांडणी करणारं इनिट-डीबी भरलेल्या डिरेक्टरीत चालायला नकार देतं, ते उगाच नाही. तो दारातला राखणदार आहे आणि तुझी ओळ त्यालाच आधी बाजूला सारते. तू म्हणालीस, ‘बाबा, नव्या मशीनवर तिथं काही नसतंच, अर्धवट राहिलेलं इन्स्टॉलेशन साफ करायला ती लागते.’ खरंय. पण उद्या मशीनच्या यादीत कुणी चालू सर्व्हरचं नाव घातलं तर? व्हेरिएबल रिकामं राहिलं तर?

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये, प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत, असंच झालं. रात्री उशिरा एक इंजिनिअर दुसऱ्या सर्व्हरवर प्रत पुन्हा उतरवायला बसला होता. डिरेक्टरी रिकामी हवी म्हणून पुसली, आणि ती निघाली मुख्य सर्व्हरची. ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले. बॅकअपच्या पाचही वाटा ऐन वेळी कामाला आल्या नाहीत, सहा तासांपूर्वीची एक प्रत सापडली तेवढीच. माणूस हुशार होता, थकलेला होता. तुझीही रात्रपाळी असते.

रागावू नकोस. मी पुन्हा मास्तरकी करतोय, माफ कर. मला किल्लारी आठवते. १९९३ ला गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट. मी नोकरीत नवा होतो. दगडमातीखालून शाखेच्या खातेवह्या काढल्या आणि उन्हात एकेक पान सुटं करत बसलो. घर गेलेली माणसं यायची, पासबुक कुणाकडंच उरलेलं नव्हतं. विचारायची, ‘साहेब, वहीत माझं नाव हाय का?’ एका म्हाताऱ्या मावशीचं पान सापडलं तेव्हा तिनं त्या पानावर हात ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही. तुझ्या त्या डिरेक्टरीत अशाच माणसांची नावं असतात, हे त्या संध्याकाळी मला सांगायचं होतं. तू ताटावरून उठलीस आणि ते राहून गेलं.

तर एवढं कर. डेटा डिरेक्टरीत पीजी_व्हर्जन नावाची फाइल दिसली की स्क्रिप्टनं तिथंच थांबावं. पुसायचंच असेल तर पुसू नकोस, नाव बदलून बाजूला ठेव, आठ दिवसांनी काढ. सुरुवातीला ‘सेट -यू’ टाक, म्हणजे किंमत दिलीच नाही असं व्हेरिएबल पुढं जाणार नाही; रिकामं ठेवलेलं मात्र त्यातून सुटतं, ते वेगळं तपास. पासवर्डही स्क्रिप्टमध्ये लिहू नकोस, पण ते तुला माहीत आहे, तू तसं केलेलंही नाहीस. त्या कमिटवर, म्हणजे कोडमधल्या त्या नोंदीवर, तुझं नाव आहे. काही झालं तर रात्री दोनला फोन तुलाच येणार. तेव्हा तुझ्याजवळ कुणी नसेल, हाच विचार मला झोपू देत नाही.

आई म्हणते, तुरीच्या शेंगा पाठवते, कोण येतंय ते कळव. रविवारी फोन कर, पण दहानंतर. त्या दिवशी नळाला पाणी येतं, आधी टाक्या भरायच्या असतात.

तुझे,
बाबा