जेलरोडच्या घराचा जिना कोरडा आहे

मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तीन दिवस झड लागली होती. गंगापूर धरणातून पाणी सोडलं, रामकुंडावर, ज्याच्यावरून नाशिककर पुराची पातळी सांगतात त्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यांपर्यंत पाणी चढलं आणि मी इंदिरानगरला माझ्या घरात बसून जेलरोडच्या घराची काळजी करत होते. ते घर आता आमचं राहिलेलं नाही, पण इतक्या वर्षांची सवय कुठे जाते! चौथ्या दिवशी सकाळी नव्या मालकीणबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "ताई, मुद्दाम सांगायला फोन केला. जिना कोरडा आहे." मी लगेच पुण्याला आईला कळवलं. आई जरा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "मिस्त्रींना सांगितलंस का?"

म्हणून हे पत्र. तुम्हाला फोन करता आला असता, पण फोनवर तुम्ही "झालं ना ताई काम, बास" म्हणून विषय मिटवून टाकता. शिवाय आईवडिलांचं घर बंद पडलंय, विकायचंय, पण आधी त्यात किती पैसा घालावा हे कळत नाही, अशी तीन-चार घरं माझ्याच ओळखीत आहेत. त्यांनीही वाचावं, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

बाबा नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात, प्रेसमध्ये होते. १९८६ साली त्यांनी ते घर बांधलं. वरच्या मजल्यावर बाथरूम नव्हतं. १९९१च्या सिंहस्थाला आईच्या माहेरची माणसं येणार म्हणून वरच्या खोलीचा एक कोपरा घाईघाईने अडवून तिथे बाथरूम केलं. पाहुणे आले, स्नानं झाली, पाहुणे गेले आणि दोन वर्षांत जिन्याच्या भिंतीवर ओल दिसायला लागली. त्यानंतर आम्ही त्या भिंतीला किती वेळा रंग दिला याची गणती नाही. दर पावसाळ्यात आई जिन्याखाली पितळी पातेलं ठेवायची आणि त्यात जुना टॉवेल घालायची. थेंबाचा आवाज होऊ नये, रात्रपाळी करून आलेल्या बाबांची झोप मोडू नये म्हणून.

बाबा गेले, आई दादाकडे पुण्याला गेली आणि घर तीन वर्षं बंद राहिलं. विकायचं ठरलं तेव्हा भिंतीला लोणा लागलेला, रंगाचे पापुद्रे सुटलेले, जिन्याखालून काँक्रीटच्या ढलप्या पडलेल्या. एका एजंटने सल्ला दिला, जिन्याच्या भिंतीला पॅनेल मारा, वर पीओपी करा, लाइट सोडा आणि पावसाच्या आत सौदा उरकून घ्या. दादाने तिकडून मॉड्युलर किचन, नवी व्हिट्रिफाइड फरशी, फॉल्स सीलिंग असं सगळं धरून साडेसहा लाखांचं अंदाजपत्रक मागवलं होतं. घर चकाचक दिसलं की भाव वाढेल, असं त्याला मनापासून वाटत होतं. मलाही वाटत होतं, हे कबूल करते.

शेजारच्या काकूंनी तुमचं नाव सांगितलं. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. हातात ना टेप, ना वही. आधी भिंतीला तळहात लावलात. मग छोट्या हातोडीने सगळीकडे टकटक करत फिरलात आणि जिथे बद्द आवाज आला तिथे खडूने फुली मारलीत. गच्चीवर बादलीभर पाणी ओतून ते कुठे जातं हे बघत उकिडवे बसलात. पाणी पाइपाकडे न जाता कठड्याच्या कोपऱ्यात साचलं. तिथेच पिंपळाचं रोप उगवलेलं होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "याला पाणी कोण घालतंय ते कळलं."

पण जिन्यातली ओल गच्चीची नाही अशी शंका तुम्हाला तेव्हाच आली होती. तुम्ही आमच्याकडे रंग मागितलात. आदल्या दिवशी माझी मुलं पंचवटीतल्या रहाडीत, रंगपंचमीच्या रंगाच्या हौदात, उड्या मारून आली होती, घरात गुलाबी रंगाची अर्धी पुडी उरली होती. वरच्या बाथरूमच्या नहाणीच्या, म्हणजे फरशीतलं पाणी जिथून जातं त्या भोकाच्या, तोंडात बोळा कोंबून तुम्ही पाणी भरलंत, त्यात तो रंग कालवलात आणि दाराला कडी लावलीत. दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्याच्या भिंतीवर गुलाबी डाग उतरला होता. आम्ही जवळपास तीस वर्षं गच्चीला दोष देत होतो आणि पाणी झिरपत होतं नहाणीच्या सांध्यातून! त्या डागाचा फोटो मी दादाला पाठवला. त्यानंतर त्याने फॉल्स सीलिंगचं नाव काढलं नाही.

मग तुम्ही खर्च सांगितलात आणि कुठे करायचा नाही तेही सांगितलंत. हे दुसरं सांगणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला. मॉड्युलर किचनवर तुम्ही म्हणालात, "घेणारी बाई तिच्या मनासारखा ओटा करणार, तुमचा फोडणार. तुम्ही दोनदा कशाला पैसे घालता?" कडप्प्याचा ओटा आहे तसा राहिला. फक्त सिंक आणि नळ बदलला, सांधे भरून घेतले. व्हिट्रिफाइड फरशीचंही तसंच. जुन्यावर नवी बसवली तर जमीन वर येते, सगळी दारं खालून तासावी लागतात. जुनी काढली तर राबीट आणि मजुरीच फरशीपेक्षा महाग. त्यापेक्षा मोझॅक घासून घ्या, म्हणालात. पॉलिशवाल्याचं मशीन दोन दिवस घरघरत होतं, घरभर पांढरट चिखल झाला आणि तो धुतल्यावर खालून जी फरशी निघाली ती मी लहानपणानंतर पाहिलीच नव्हती. हिरवे आणि पिवळे खडे अगदी स्वच्छ वेगळे दिसत होते. व्हिट्रिफाइडसाठी आलेल्या आकड्याच्या पाचव्या हिश्श्यातही काम बसलं.

पैसा गेला तो डोळ्यांना न दिसणाऱ्या ठिकाणी. बाथरूमची फरशी उखडली, नहाणीचा जुना सांधा काढला, वॉटरप्रूफिंगचे थर भिंतीवरही फूटभर चढवले, तेव्हा कुठे टाइल बसल्या. गच्चीवरचा फुटलेला कोबा काढून विटांच्या तुकड्यांचा नवा घातला, दर दहा फुटांना सव्वा इंच उतार धरून. कठड्याच्या पायथ्याशी गोलाई करून घेतलीत, कारण भिंत आणि गच्ची काटकोनात भेटतात तिथेच पहिली भेग पडते. पिंपळ वरून छाटायला निघालेल्या पोऱ्याला तुम्ही थांबवलंत. कठड्याचं प्लास्टर फोडून मूळ आतपर्यंत काढायला लावलंत, नाहीतर दोन पावसाळ्यांत तो पुन्हा उभा राहतो. आणि सगळं झाल्यावर पाइपाची तोंडं बंद करून गच्चीत तीन दिवस पाणी कोंडून ठेवलंत. रोज सकाळी खालच्या खोल्यांची छतं हात लावून तपासायला तुम्ही स्वतः यायचात.

जिन्याखालच्या ढलप्यांपाशी मात्र तुम्ही थांबलात. सळई गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलून पाडते, नुसतं प्लास्टर चढवलं तर तेही वर्षभरात खाली येणार, एवढं तुम्ही समजावून सांगितलंत. पण सळई आतून किती खाल्ली गेलीय हे ठरवणं माझं काम नाही, इंजिनिअरला दाखवा, म्हणालात. चाळीस वर्षं थापी धरलेला माणूस "हे माझं काम नाही" म्हणतो, याचं मला फार अप्रूप वाटलं. इंजिनिअरने पाहिलं, सळईची जाडी मोजली, गंज वरवरचा आहे म्हणाले. मग तुम्ही टणक काँक्रीट लागेपर्यंत सुटलेला भाग फोडलात, सळया तारेच्या ब्रशने घासून त्यांना गंजरोधक लावलंत आणि पॉलिमर घातलेल्या मालाने तो भाग भरून काढलात.

वायरमनही तुम्हीच आणलात. गिझर एकच्या, म्हणजे एक चौरस मिलिमीटर जाडीच्या बारीक वायरवर चालत होता, हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. आई रोज त्याच पाण्याने आंघोळ करायची. आता चारची वायर आहे, चिनी मातीच्या फ्यूजच्या जागी आपोआप पडणारे एमसीबी आहेत, वीज गळली की पुरवठा तोडणारा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आहे आणि अर्थिंगचा खड्डा नव्याने केलेला आहे. घर बघायला येणाऱ्यांपैकी एकानेही याबद्दल विचारलं नाही. तरी ते केल्यावाचून घर दुसऱ्याच्या हाती देऊ नये, या तुमच्या म्हणण्याला मी आज दोन्ही हातांनी सलाम करते.

आता रंगाचं. पाडव्याला एजंट गिऱ्हाईक आणणार होता. प्लास्टर ओलं होतं, पाणी मारणं चालू होतं आणि तुम्ही रंग द्यायला साफ नकार दिलात. ओल्या भिंतीवर पुट्टी म्हणजे आजारी माणसाला पावडर लावणं, असं म्हणालात. एजंट माझ्यावर चिडला, मी तुमच्यावर चिडले. त्या दिवशी मी तुम्हाला जे बोलले ते बोलायला नको होतं. त्याची माफी मी तेव्हाच मागायला हवी होती. आज सगळ्यांसमोर मागते.

त्या उघड्या, ठिगळाठिगळांच्या भिंती बघायलाच ते जोडपं आलं. त्या शाळेत शिक्षिका, ते एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात नोकरीला. एजंट त्यांना घाईने वर नेत होता. तुम्ही हातातली थापी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "बाई, इथे तीस वर्षं पाणी येत होतं. बंद केलंय. कसं केलंय ते बघा." माझा श्वास अडकला. तुम्ही त्यांना गुलाबी डागाचे फोटो दाखवायला मला सांगितलंत, बाथरूम दाखवलंत, पाणी भरलेली गच्ची दाखवलीत. बाई जिन्यात बसून तासभर प्रश्न विचारत होत्या. अक्षय्य तृतीयेला बयाणा त्यांनीच दिला. डागाच्या नावाखाली भाव पाडून मागणारे आधी दोघे येऊन गेले होते, यांनी त्यावरून घासाघीस केली नाही. आम्हाला अपेक्षा होती तेवढा भाव मिळाला.

नंतर खरेदीखताच्या वेळी वकीलबाईंनी सांगितलं, की घरातला जो दोष घेणाऱ्याला साध्या पाहणीत कळणार नाही आणि विकणाऱ्याला माहीत आहे, तो सांगणं विकणाऱ्यावर कायद्यानेच बंधनकारक आहे. १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम ५५. पॅनेल मारून सौदा उरकला असता तर पहिल्याच आषाढात आम्ही कुठे उभे असतो, याचा विचार करूनच मला धडकी भरते. तुम्ही त्या जोडप्याला सगळं सांगितलंत ते काही कलम वाचून नव्हे.

वारस नोंद झाली का, घरपट्टी कोणाच्या नावावर येते, हेही तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलं होतंत. तिथे दीड महिना गेला. तुम्ही आठवण केली नसती तर अक्षय्य तृतीयाही हुकली असती. आणि तुमच्या पावत्या! सिमेंटच्या गोणीपासून वायरच्या बंडलापर्यंत प्रत्येक कागद तुम्ही दुधाच्या पिशवीत जपून ठेवला होता. घरात कायमची भर घालणारा खर्च भांडवली नफा काढताना धरता येतो, नुसती रंगरंगोटी धरता येत नाही, आणि पावती नसेल तर बोलायलाच नको, असं सीएंनी सांगितलं. त्यांनी ती पिशवी टेबलावर रिकामी केली, चष्मा वर केला आणि विचारलं, "मिस्त्री कोण हो तुमचे?" उरलेल्या चार गोणी दुकानात परत करून त्याचे पैसे तुम्ही माझ्या हातावर ठेवलेत, तेही त्यांना सांगितलं.

आईचं राहिलंच. काम चालू असताना ती रोज संध्याकाळी फोन करायची आणि माझ्याशी दोन शब्द बोलून "मिस्त्रींना दे" म्हणायची. दिवसभर उन्हात राबून तुम्ही पायरीवर बसायचात आणि तिला कुठली वीट काढली, कुठे किती माल लागला, सगळं सांगायचात. घर विकायचं ठरल्यापासून ती आमच्याशी त्याबद्दल बोलत नव्हती. तुमच्याशी बोलायची. पाणी कोंडल्याच्या तिसऱ्या दिवशी तुम्ही तिला म्हणालात, "आई, आता पातेलं नका ठेवू." त्या रात्री, दादा सांगतो, ती पहिल्यांदा घराबद्दल बोलत बसली. बाबांनी प्लॉट कसा घेतला, पहिल्या पावसात चूल कुठे मांडली होती, असं बरंच काही.

ते पातेलं पुण्याला आहे. कल्हई करून आणलंय. श्रावणात आई आठ दिवस माझ्याकडे येणार आहे आणि तिने पुरणाचं ठरवून ठेवलंय. काकूंना घेऊन यायचं आहे. सोमवार नको, तुमचा उपवास असतो. शुक्रवारी जमेल का, ते कळवा.

तुमची,
जेलरोडच्या घरातली ताई