सहा, चार, चार

लेह,
नागपंचमीचा दुसरा दिवस

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल. फोनवर काही सांगायला गेले की आई मध्येच "जेवलीस काय?" म्हणून विचारते आणि विषय तिथंच संपतो. बाबा, हे आईला मोठ्यानं वाचून दाखवा. रागवायचं असेल ते पत्र संपल्यावर.

गेल्या वर्षी भातलावणीला पंधरा दिवस घरी येऊन गेले, त्यानंतर दोन दिवस माझा फोन लागला नव्हता. रेंज नव्हती म्हणून सांगितलं होतं. रेंज नव्हती हे खरं, पण नुसतं तेवढंच नव्हतं.

लेहला परत आल्यावर तिसऱ्याच दिवशी मी दोन मैत्रिणींबरोबर झिंगचेनहून रुंबकला गेले. लेहमध्ये दहा महिने काढले होते, आता आपण इथलेच, अशी मस्ती होती. रात्री डोकं ठणकत होतं. गोळी घेऊन झोपले आणि कुणाला बोलले नाही. सकाळी गांडा लाच्या वाटेला लागलो. (ला म्हणजे खिंड. आपला चोर्ला घाट इथं असता तर त्याला नुसतं 'चोर ला' म्हणाले असते.) वाटेत युरुत्से लागतं, अख्खं गाव म्हणजे एकच घर. त्या घराच्या थोडं वर मला उलटी झाली. वारा सुटला होता म्हणून जॅकेटची चेन लावायला गेले तर ती लागेना. चेन चांगली होती, बोटंच ऐकत नव्हती. बरोबरच्या स्तोक गावच्या मैत्रिणीनं ते बघितलं आणि म्हणाली, एका रेषेत चालून दाखव, टाचेला बोटं लावून. मी गेले, पण बाजाराच्या दिवशी संध्याकाळी आपल्या तिठ्यावरून लोक जातात तशी. तिनं पुढं एक शब्द बोलू दिला नाही. माझी सॅक स्वतःच्या पाठीवर घेतली आणि आम्ही सरळ खाली आलो. झिंगचेनला पोचेपर्यंत डोकं निम्मं उतरलं होतं. लेहला डॉक्टरांनी बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघितला आणि दोन दिवस गप्प बसून राहायला सांगितलं. ते हे दोन दिवस.

बाबा, चूक कुठं झाली ते तुम्हाला सांगायला नको. बेळगावच्या मराठा सेंटरमधून निघालेला जवान लडाखला पोचला की विरळ हवेची सवय व्हायला 9 ते 12 हजार फुटांवर सहा दिवस, 15 हजारांपर्यंत आणखी चार, त्याच्या वर जायचं तर पुन्हा चार. "सहा, चार, चार" मला पाढ्यासारखं पाठ आहे. सुट्टीवरून आलेल्याला पुन्हा थांबवतात, हेही तुम्हीच सांगितलेलं. पंधरा दिवस अडीच हजार फुटांवर भाताच्या चिखलात काढल्यावर माझं रक्त पुन्हा बेळगावचं झालं होतं, आणि मी निघाले होते सोळा हजारांवर. इथं रस्त्याकडेला एक पाटी असते, लामांच्या मुलखात गामा बनू नका. तालमीत वाढलेल्या काकांना सांगा, त्यांना आवडेल.

आता यंदाचं. मारखा खोऱ्यात पळायला जाणार आहे. आई, दचकू नकोस.

आपल्याकडं मुलं पहाटे रस्त्यावर पळतात ती भरतीसाठी. सोळाशे मीटर, साडेपाच मिनिटं, बास. त्यामुळं बँकेत नोकरी असलेली बाई कशाला पळते, हा तुझा प्रश्न रास्त आहे. पण आमचं पळणं तसलं नाही. चढाला आम्ही पळतच नाही, दोन्ही हातांत काठ्या घेऊन चालतो. सपाटीला आणि उताराला तेवढं पळायचं. वाट खेचरांची, भरड खडीची. चुकू नये म्हणून लोकांनी दगडावर दगड रचून ठेवलेले असतात. 'ओम मणि पद्मे हूं' हा मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत लागली की ती उजव्या हाताला ठेवून जायचं, पळत असलो तरी.

चिलिंगला गाडी सोडायची. झंस्कार नदी ओलांडून पहिला मुक्काम स्क्यूला. दुसरा मारखा गावात, तिसरा हांकरला, म्हणजे साधारण 13 हजार फुटांवर. सगळीकडं लोकांच्या घरीच उतरायचं, तंबू नाही. चालणारे लोक हांकरहून निमालिंगला जाऊन झोपतात, जवळजवळ 16 हजारांवर. आम्ही तिथं झोपणार नाही. चौथ्या दिवशी पहाटे हांकर सोडायचं, निमालिंगला चहा, कोंगमारू ला ओलांडायची (ही 17 हजारांच्या वर) आणि त्याच दिवशी पलीकडं शांग सुमदोला उतरायचं, म्हणजे पुन्हा 12 हजारांवर. वर जायचं पण झोपायचं खाली, हे तुमचंच ना बाबा? जड ओझं घेऊन चालणाऱ्याला एका दिवसात ते जमत नाही. सॅकमध्ये दोन लिटर पाणी, पावसाचं जॅकेट, बॅटरी आणि शिट्टी एवढंच असलं की जमतं. आई, म्हणून पळायचं. पळाल्यामुळं ती उंचावरची रात्र टळते. मैत्रिणींचा बेत तीन दिवसांचा होता, मी हट्टानं चार केला. त्या मला आता "सुभेदारीण" म्हणतात.

भीती उंचीची कमी आणि पाण्याची जास्त. आपल्याकडं कणकुंबीला पाऊस लागला की खाली मलप्रभा फुगते, हे पोरंसोरं ओळखतात. इथं उलटं आहे. आभाळ निरभ्र, ऊन कडक, आणि दुपारी तीनला ओढा गुडघ्याचा मांडीपर्यंत येतो, कारण वर बर्फ वितळत असतं. सकाळी सातला तोच ओढा घोट्याएवढा. म्हणून मारखा गावाजवळचं पाणी सकाळी ओलांडायचं, दुपार झाली तर अलीकडंच थांबायचं. बूट काढायचे नाहीत, ओलेच घालून पळायचं, तळाचे धोंडे गुळगुळीत असतात. ढग दिसले तर वेगळी काळजी. 2010 च्या ऑगस्टमध्ये लेहवर ढगफुटी झाली होती, ती इथं अजून कुणी विसरलेलं नाही. कोरड्या नाल्यात कुणी बसायलासुद्धा थांबत नाही.

आणि वाघाचं विचारशील. हिमबिबट्या आहे, पण तो माणसाला बघून वाट सोडतो. भीमगडच्या रानातली आपली अस्वलं त्याच्यापेक्षा शंभरपट वाईट. त्या रानाच्या कडेनं तू मला रोज शाळेला चालत पाठवलंस, तेव्हा कुठं होती काळजी?

बाबा, एक काम आहे. गोकाकचं करदंट किलोभर पाठवा, डिंक जास्त असलेलं. इथं पळणारे लोक एनर्जी जेलची पाकिटं चोखतात, मला ती गिळवत नाहीत. पहाटेच्या थंडीत करदंट दगडासारखं होतं, म्हणून बारीक तुकडे करून आतल्या खिशात छातीशी ठेवते, तासाभरात मऊ पडतं. गेल्या खेपेला स्तोकच्या मैत्रिणीला दिलं, तर ती म्हणाली याच्यापुढं आमची जर्दाळू फिकी. तिनं बदल्यात तुमच्यासाठी पिशवीभर वाळवलेली जर्दाळू दिली आहेत. आणते.

गुडघ्याला तेल लावता का? मागं व्हिडिओवर जिना उतरताना भिंतीचा आधार घेतलात, आईनं फोन फिरवला तरी मला दिसलं. डॉक्टरांकडं जाऊन या. मीही तुमच्यापासून काही लपवणार नाही, तुम्हीही लपवू नका.

बेत गणपतीच्या आधीचा ठेवला आहे, मुद्दाम. आधी घरी आले तर परत सहा, चार, चार. शांग सुमदोहून लेहला पोचले की लगेच फोन करीन. त्या दिवशी रात्रीपर्यंत फोन आला नाही तर कुणाला विचारायचं, तो नंबर पाकिटात वेगळ्या चिठ्ठीवर लिहिला आहे. चिठ्ठी देवघरात ठेवू नका, कॅलेंडरला टाचा.

इथल्या बँकेत नागपूरची एक सहकारी आहे. मी घरी फोनवर "जातो, खातो, झोपतो" म्हणते ते ऐकून ती हसून लोळते. तिला म्हटलं, बेळगावात बायका असंच बोलतात, तू ये एकदा. ती यंदा गणपतीला माझ्याबरोबर येणार आहे. मखरासाठी बांबू आताच सांगून ठेवा.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी येतो.

तुमची,
ताई