बटण स्टार्ट बसवताना गाडीची मूळ कुलपे काढली जात आहेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

टॉप मॉडेल परवडत नाही म्हणून बेस किंवा मधले मॉडेल घ्यायचे आणि नंतर बाहेरून बटण स्टार्ट व कीलेस एन्ट्रीचे (चावी खिशात ठेवूनच दार उघडण्याचे) किट बसवून घ्यायचे, ही पद्धत आता तालुक्याच्या गावांपर्यंत रुळली आहे. कंपन्यांनी ही सोय वरच्या मॉडेलसाठीच राखून ठेवल्यावर लोकांनी दुसरा मार्ग शोधला, यात लोकांचा काही दोष नाही. मी पुण्यात मोटारींच्या वायरिंगचे काम करतो आणि बाहेर बसवलेली अशी किट दुरुस्तीसाठी माझ्याकडे नेहमी येतात. ती उघडल्यावर जे दिसते ते गाडीमालकाला बहुतेक वेळा माहीतच नसते, म्हणून हे पत्र.

आपण चावी फिरवतो तेव्हा नुसता स्विच चालू होत नाही. चावीने आधी स्टिअरिंगचे लॉक सुटते. त्याच वेळी चावीच्या मुठीत असलेली, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी अशी एक चिप लॉकभोवतीच्या कॉइलकडून वाचली जाते. या चिपला बॅटरी लागत नाही. कॉइलच्या लहरींवरच ती जागी होते आणि आपला संकेत सांगते. तो जुळला तरच गाडीचा संगणक इंजिन चालू राहू देतो. यालाच इमोबिलायझर म्हणतात. हुबेहूब कापलेली डुप्लिकेट चावी लॉकमध्ये फिरली, तरी त्या चिपशिवाय गाडी सुरू राहत नाही, ती यामुळेच.

बाहेरचे बटण फक्त स्विचचे काम करते. त्याच्या रिमोटला गाडीचा मूळ संकेत ठाऊक नसतो. मग चिपचे काय करायचे? सर्रास केले जाते ते असे: ग्राहकाकडून दुसरी चावी मागून घेतात, तिची मूठ फोडून चिप काढतात आणि स्टिअरिंगखालचे कव्हर उघडून ती कॉइलशेजारी टेपने किंवा गोंदाने कायमची चिकटवतात. तेव्हापासून इमोबिलायझरला चोवीस तास मालकाची चावी समोरच दिसत असते. चावी न लावता स्टिअरिंग फिरावे म्हणून लॉकची पिन काढून टाकतात, किंवा चावी ‘ऑन’वर फिरवून तिची मूठ छाटतात आणि पाते आतच ठेवून देतात. कंपनीने दिलेली दोन्ही कुलपे अशी एका दुपारीत निकामी होतात आणि ग्राहक निळा दिवा लागलेले बटण दाबून खूश होऊन घरी जातो. पुढे काच फोडून आत शिरलेल्या माणसाला डॅशबोर्डखालच्या योग्य तारा जोडल्या की पुरते, कारण त्याला अडवणारे आत काही उरलेलेच नसते.

विम्याचा प्रश्न याहून बिकट आहे. गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. ज्या मालकाची दुसरी चावी फोडलेली आहे आणि तिची चिप गाडीबरोबरच गेली आहे, त्याने पुढे काय ठेवायचे? वाहनाच्या सुरक्षिततेसाठी मालकाने वाजवी काळजी घेतली पाहिजे, अशी अट पॉलिसीत स्पष्ट असते. एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेची मान्यता असलेले चोरीविरोधी उपकरण रीतसर प्रमाणित करून बसवले, तर स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या हप्त्यात २.५ टक्के, कमाल ५०० रुपयांपर्यंत सवलत मिळत आली आहे. इथे तर मुळात असलेले उपकरणच बंद केले जाते आणि विमा कंपनीला त्याचा पत्ता नसतो.

जोडणीबद्दल थोडक्यात सांगतो. इग्निशनच्या तारांतून मोठा प्रवाह जातो. त्या सोलून, पिळून, वर नुसती काळी टेप गुंडाळणे म्हणजे आगीला वाट करून देणे होय. त्याच भागात एअरबॅगचे पिवळे कनेक्टर असतात, त्यांना हात लागता कामा नये. काही किटमध्ये रिमोटने दूरवरूनच इंजिन सुरू करण्याची सोय असते. चढावर गाडी पहिल्या गिअरमध्ये लावून ठेवणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि गिअर व क्लच न तपासता हे इंजिन सुरू झाले तर आत कोणी नसताना गाडी झेप घेते. मॅन्युअल गिअरच्या गाडीत ही सोय मी कधीही जोडून देत नाही.

कंपनीची कीलेस यंत्रणाही अभेद्य नाही, हे मान्य केले पाहिजे. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा गाड्यांवर प्रयोग करून, खिशातल्या चावीचा संकेत दुरून पुढे पाठवला तर गाडी उघडते आणि सुरूही होते, हे दाखवून दिले. त्यानंतर काही कंपन्यांनी न हलणारी चावी झोपी जाईल अशी सोय केली. स्वस्त किटकडून अशी अपेक्षा करता येत नाही. त्यांतल्या काहींचा संकेत तर दर वेळी बदलतही नाही, म्हणजे एकदा टिपून घेतला की पुन्हा वापरता येतो.

सीएनजी किटसाठी आपल्याकडे मान्यताप्राप्त किट, अधिकृत बसवणारा आणि नोंदणी पुस्तकात नोंद अशी शिस्त आहे. बटण स्टार्टला नोंदणी पुस्तकात जागाच नसल्याने हा बदल कोणाच्याच नजरेस पडत नाही. वाहनचोरीला आळा बसावा म्हणून १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची करणाऱ्या परिवहन विभागाने इकडेही लक्ष द्यावे. एआरएआय पुण्यातच आहे; इमोबिलायझर आणि स्टिअरिंग लॉक शाबूत ठेवणाऱ्या किटसाठी चाचणीचा निकष ठरवणे तिच्या आवाक्याबाहेरचे नाही. चिप चिकटवण्याऐवजी रिलेमागे (विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचमागे) ठेवून, रिमोट ओळखला गेल्यावरच तिची कॉइल जोडली जाईल अशी रचना आजही करता येते; फक्त तिला वेळ आणि थोडे जास्त पैसे लागतात. तोवर दुकानदाराने कोणती तार कापली, चिप कुठे ठेवली आणि स्टिअरिंग लॉकचे काय केले, हे बिलावर लिहून देणे बंधनकारक करावे.

ग्राहकांना माझा सल्ला असा की, सोय हवीच असेल तर रिमोटचे सेंट्रल लॉकिंग बसवा आणि इग्निशनला हात लावू देऊ नका. ज्यांनी किट आधीच बसवले आहे त्यांनी दुसऱ्या एखाद्या जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून स्टिअरिंगखालचे कव्हर उघडून स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावे, आणि इंजिन बंद करून स्टिअरिंग लॉक होते का तेही तपासावे. चिकटवलेली चिप सांभाळून काढली तर पुन्हा चावीत बसवता येते. पिन काढलेली असेल, तर मात्र बहुधा पूर्ण लॉक असेम्ब्ली बदलावी लागते. तो खर्च पुढे ढकलू नये.

आपला विश्वासू,
एक मोटार इलेक्ट्रिशियन, पुणे