माझा ल्युपस मला समजावून देणाऱ्या डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टर यांस,
सादर नमस्कार.

मागील महिन्यात माझे अहवाल पाहून आपण एवढेच म्हणालात, "लघवीतून प्रथिने जाणे थांबलेले आहे, सी-३ आणि सी-४ दोन्ही ठीक आहेत." आजार शांत आहे आणि मूत्रपिंडे ठीक आहेत, हा त्या एका वाक्याचा पूर्ण अर्थ मला कोणालाही न विचारता कळला. सहा वर्षांपूर्वी तो कळला नसता. किंबहुना माझ्या शरीरात काय चालले आहे, हे तेव्हा मला कोणी सांगू शकत नव्हते. आपल्या औषधांबद्दल मी ऋणी आहेच. परंतु आपण मला माझा आजार समजावून दिलात, त्याबद्दलचे आभार समोर बसून मानणे मला कधी जमले नाही, म्हणून ते येथे जाहीरपणे लिहीत आहे. ल्युपसचे, म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या या आजाराचे, नाव नुकतेच ऐकलेल्या एखादीच्या हाती हे पत्र पडले, तर तिलाही त्याचा उपयोग व्हावा.

आपल्याकडे येण्यापूर्वीची दोन वर्षे मी तक्रारी सुट्यासुट्या घेऊन फिरत होते. बोटांचे सांधे सकाळी आखडत, म्हणून एकीकडे; गालांवर पुरळ येई, म्हणून दुसरीकडे; केस गळत, तोंड येई, बारीक ताप राही, त्यासाठी आणखी कुठे. प्रत्येकाने आपापल्या परीने उपचार केले आणि शेवटी हे सारे मनाच्या ताणामुळे होत असावे, असेही मला सांगण्यात आले. मग कोणीतरी एएनए ही, स्वतःच्याच पेशीकेंद्रांविरुद्धची प्रतिपिंडे शोधणारी रक्ततपासणी करवली, ती पॉझिटिव्ह आली आणि तो कागद घेऊन मी भेदरलेल्या अवस्थेत आपल्यासमोर बसले.

आपण तो कागद पाहिलात आणि बाजूला ठेवलात. ल्युपस असलेल्या जवळजवळ सर्वांमध्ये एएनए पॉझिटिव्ह असते, परंतु ते पॉझिटिव्ह असलेल्या अनेकांना कोणताही आजार नसतो. त्यामुळे हा कागद एकटा काहीच सिद्ध करत नाही, असे आपण सांगितलेत. त्यानंतर अर्धा तास आपण केवळ प्रश्न विचारत होता. उन्हात गेल्यावर पुरळ वाढते का, दीर्घ श्वास घेताना छातीत दुखते का, थंडीत बोटे पांढरी पडतात का, कधी गर्भपात झाला आहे का, लघवीला फेस येतो का. फेसाबद्दल मला त्याआधी कोणी विचारले नव्हते आणि मीही ते सांगण्याजोगे मानले नव्हते. आपण माझ्या घोट्यांवर अंगठा दाबून सूज पाहिलीत आणि त्याच दिवशी लघवीची तपासणी करायला लावलीत. इतक्या साध्या तपासणीने माझे मूत्रपिंड वाचले, हे मी आजही कोणाला सांगते तेव्हा माझा आवाज कापतो.

अहवालात प्रथिनांचे प्रमाण बरेच वाढलेले होते. मला मात्र मूत्रपिंडांचा म्हणून कोणताही त्रास जाणवत नव्हता, त्यामुळे बायोप्सीचे, म्हणजे मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासण्याचे, नाव काढताच मी नकार दिला. तेव्हा आपण कोऱ्या कागदावर जी आकृती काढून दाखवलीत, ती मी जपून ठेवली आहे. शरीरात रोज असंख्य पेशी मरतात आणि त्यांचा कचरा वेळीच उचलला जातो. ल्युपसमध्ये तो पुरता उचलला जात नाही, पेशीकेंद्रातील पदार्थ उघडे पडतात आणि रोगप्रतिकार यंत्रणा त्यांनाच शत्रू समजून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे आणि ते पदार्थ यांच्या जोडगोळ्या मूत्रपिंडाच्या बारीक गाळण्यांमध्ये साचतात, तेथे दाह होतो आणि त्या दाहात रक्तातील कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिने खर्च होतात, म्हणून सी-३ आणि सी-४ खाली येतात. गाळणी दुखत नाही, ती फक्त गळू लागते, असे आपण म्हणालात. गळती आहे हे लघवीवरून कळते, परंतु दाह कोणत्या प्रकारचा आहे हे बायोप्सीशिवाय कळत नाही आणि उपचार तर त्यावरच ठरतात. एवढे ऐकल्यावर मी सही केली. निदान चौथ्या वर्गाच्या मूत्रपिंडदाहाचे झाले. हा ल्युपसमधील गंभीर प्रकारांपैकी एक.

त्या संध्याकाळी माझ्या पतींनी आपल्याला एकांतात विचारले होते की मी किती वर्षे जगेन. त्यांनी ते मला फार नंतर सांगितले. गेल्या शतकाच्या मध्यात ल्युपसचे निदान झालेल्यांपैकी जेमतेम निम्मे रुग्ण पुढील पाच वर्षे जगत, आज हे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक आहे आणि हा फरक वेळेवर निदान व नियमित औषधे यांमुळे पडला आहे, असे आपण त्यांना सांगितलेत. खोटा धीर दिला नाहीत आणि आशाही काढून घेतली नाहीत.

तीन दिवस शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन, मग तोंडाने प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइड औषधे आणि सोबत रोगप्रतिकार यंत्रणेला आवर घालणारे मायकोफेनोलेट, असे उपचार सुरू झाले. चेहरा सुजला, झोप उडाली, स्वभाव चिडका झाला. मायकोफेनोलेटचा परिणाम दिसायला काही महिने जातात, तोवर दाह आवरण्यासाठी स्टिरॉइड हवेच आणि नंतर ते शक्य तितक्या लवकर दिवसाला ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून खाली आणायचे, असा मार्ग आपण आखून दिलात. गोळी कमी करण्याची प्रत्येक तारीख आपण स्वतः माझ्या वहीत लिहिलीत. ती मनाने एकदम बंद का करायची नाही, तेही सांगितलेत: बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिल्याने शरीर स्वतःचे तयार करणे कमी करते आणि त्याला पुन्हा कामाला लागायला वेळ द्यावा लागतो. त्या तारखा माझ्यासाठी सुटकेच्या तारखा होत्या.

आता एक गोष्ट कबूल करते, जी आपल्याला ठाऊक आहे, परंतु इतरांनाही कळायला हवी. ल्युपस शांत ठेवण्यासाठी मला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही गोळीही रोज होती; दुसऱ्या वर्षी तिने डोळे जातात असे कुठेतरी ऐकून मी ती चार महिने घेतली नाही आणि आपल्यापासून ते लपवले. सांधे पुन्हा सुजले, सी-३ घसरले, तेव्हा मला खरे सांगावे लागले. आपण रागावला नाहीत. "तुमची भीती निराधार नाही, फक्त तिचे माप चुकले आहे," असे म्हणून आपण हिशेब मांडलात. वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमपर्यंत मात्रा ठेवली, तर पहिल्या दहा वर्षांत दृष्टिपटलाला इजा होण्याची शक्यता २ टक्क्यांहून कमी असते, पुढे मात्र ती वाढत जाते. माझे वजन ६० किलो, म्हणजे ३०० मिलिग्रॅम. म्हणून एक दिवस २०० आणि दुसऱ्या दिवशी ४००. मूत्रपिंडाचा आजार असल्याने माझा धोका इतरांहून अधिक, त्यामुळे एरवीप्रमाणे पाच वर्षे वाट न पाहता पहिल्यापासूनच दरवर्षी नेत्रतपासणी. उलट बाजूही आपण सांगितलीत: १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील अभ्यासात, आजार शांत असताना ही गोळी थांबवलेल्यांमध्ये तो पुन्हा उसळण्याचे प्रमाण, ती चालू ठेवलेल्यांच्या सुमारे अडीच पट होते. त्यानंतर मी एकही गोळी चुकवलेली नाही. मला धाक दाखवला असता, तर मी कदाचित पुन्हा लपवले असते.

थकव्याबद्दल मला विशेष लिहायचे आहे, कारण तो कोणत्याही अहवालात दिसत नाही. "दिसतेस तर चांगली," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले होते की माझाच माझ्यावर विश्वास उरला नव्हता. आपण थकवा हा आजाराचाच भाग मानलात, तरीही सगळा दोष ल्युपसवर टाकून मोकळे झाला नाहीत. थायरॉइड, हिमोग्लोबिन, झोप यांची चौकशी केलीत आणि रक्तक्षयावर वेगळे उपचार केलेत. नवी औषधे, जसे बेलिमुमॅब, मला द्यावीत का, असे मी विचारले, तेव्हा आजार आहे त्या औषधांनी आटोक्यात असताना त्याची गरज नाही, असे आपण स्पष्ट सांगितलेत.

मूल हवे, हे मी चौथ्या वर्षी चाचरत बोलले. आपण नाही म्हणाल, अशी माझी खात्री होती. आपण म्हणालात, "आजार सहा महिने शांत राहू दे, मग ठरवून करू." मायकोफेनोलेट गर्भाला घातक, म्हणून ते आधीच थांबवून त्याऐवजी गरोदरपणात चालणारे अझाथायोप्रिन सुरू केलेत, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन तसेच ठेवलेत. माझ्या रक्तात 'रो' नावाची, गर्भापर्यंत पोहोचू शकणारी प्रतिपिंडे असल्याने बाळाच्या हृदयाची लय बिघडण्याचा सुमारे २ टक्के धोका होता. तो आपण झाकला नाहीत आणि प्रसूतितज्ज्ञांशी स्वतः बोलून गर्भाच्या हृदयाच्या तपासण्या ठरवून दिल्यात. माझी मुलगी आता दीड वर्षाची आहे आणि तिचे हृदय निरोगी आहे. याबद्दल आभार कोणत्या शब्दांत मानावेत, हे मला खरोखर सुचत नाही.

मी पूर्ण बरी झालेली नाही, होणारही नाही, हे मी जाणते. उन्हात निघताना आजही अंग झाकते, ताप आला की तो आजाराचा की जंतुसंसर्गाचा हे स्वतः ठरवत न बसता आपल्याला कळवते. पुढील भेट तीन महिन्यांनी आहे. सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना आदल्या आठवड्यात देईन आणि वही सोबत आणीन. तिच्यात आपल्यासाठी पाच प्रश्न आत्ताच लिहून ठेवले आहेत.

आपली कृतज्ञ,
आपली एक रुग्ण