मावशी, सुपाचा बटाटा निवडून देता म्हणून

भाजीवाल्या मावशींना,
सप्रेम नमस्कार.

“रस्सा करायचाय की सूप?” बटाटे मागितले की आधी हे विचारता, मगच टोपलीत हात घालता. त्या प्रश्नाबद्दल हे आभार. सूप बिघडतं ते बहुतेक वेळा बटाट्यामुळे, आणि कृतीत नुसतं ‘चार बटाटे’ लिहिलेलं असतं.

सातगाव पठारावरचा पावसाळी बटाटा नवा असताना साल अंगठ्याने घासली तरी सुटते. त्यात पाणी जास्त. रश्श्यात फोडी अख्ख्या राहतात, सूप मात्र पांचट होतं. म्हणून सुपाला तुम्ही जुना, जाड सालीचा, पिठूळ बटाटा देता. शंका आली तर एक कापून दोन्ही अर्धी एकमेकांवर घासून दाखवता: पांढरा फेस येऊन ती चिकटली, की तो सुपाचा. हिरवट पडलेला देतच नाही, कारण तो कडू लागतो आणि बाधतो.

त्या अर्ध्या किलोचं चौघांपुरतं सूप होतं. दोन मोठे चमचे लोण्यावर एक मध्यम कांदा बारीक चिरून, चिमूटभर मीठ घालून, मंद आचेवर सात-आठ मिनिटं परतायचा. पारदर्शक व्हावा, तांबूस नको, रंग मळतो. लसणाच्या चार पाकळ्या शेवटच्या मिनिटाला, करपल्या तर सगळं कडवट. मग बटाट्याच्या पातळ चकत्या, ८०० मिली पाणी, एक छोटा चमचा मीठ, आणि झाकण ठेवून १५ ते १८ मिनिटं. चकत्या आधी पाण्यात भिजत घालू नयेत, दाटपणा देणारं पीठ त्या पाण्याबरोबर मोरीत जातं. टोमॅटो किंवा लिंबूही आत्ता नको; आंबटाने बटाटा शिजायला वेळ लावतो.

“मिक्सर लावू नका, खळ होते,” हे तुमचं सांगणं तर अगदी खरं. शिजून फुगलेले पिठाचे कण पात्याने फुटतात आणि सूप गोंदासारखं ताणतं. रवीने घुसळावं किंवा पावभाजीच्या मॅशरने दाबावं, चार फोडी राहिल्या तर छानच. मग २०० मिली गरम दूध, अर्धा छोटा चमचा भरड मिरी, आणि उकळी न आणता दोन मिनिटं. निवलं की सूप घट्ट होतंच. गरम करताना आधणाचं पाणी घालावं, थंड दूध नको.

शीतगृहातून आलेला बटाटा गोडसर लागतो. तो फ्रीजबाहेर, अंधारात आठ-दहा दिवस ठेवला की गोडी बरीच उतरते, हेही तुम्हीच सांगितलंत. परवा दिलेले दोन किलो तसेच गोणपाटाखाली ठेवले आहेत.

मनापासून आभार, मावशी.

तुमची नेहमीची गिऱ्हाइकं