सासऱ्यांचं आजारपण, सुनेचा राजीनामा

मा. संपादक,
स. न.

नोकरदार बायकांच्या अडचणींवर जे लिहिलं-बोललं जातं, ते बहुतेक बाळंतपणाची रजा आणि पाळणाघर यांपुरतं असतं. ते हवंच. पण नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आस्थापना विभागात मी निवृत्त होईपर्यंत काम केलं. तिथे बायकांचे राजीनामे मी पाहिले ते बरेचसे चाळिशी उलटल्यानंतरचे. मुलं कॉलेजात, कामावर हात बसलेला, आणि घरात सासऱ्यांना अर्धांगवायू, नाहीतर सासूबाईंना स्मृतिभ्रंश. अर्जावर कारण 'घरगुती अडचण'. या कारणासाठी एखाद्या मुलाने राजीनामा दिल्याचं मला आठवत नाही.

वास्तविक कायद्याने ही जबाबदारी सुनेची नाहीच. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठीच्या २००७ च्या कायद्याने अपत्यांत मुलगा, मुलगी, नातू आणि नात यांना धरलं आहे, सुनेला नाही. कागदावर मुलगा, पलंगाशी सून.

'तुझा पगार कमी, तूच सोड' हा हिशेब घरोघरी होतो. ब्युरोतून बारा तासांची मावशी आणायची तर कंत्राटी कामगाराचा जवळजवळ सगळा पगार तिलाच द्यावा लागतो, म्हणून हिशेब बरोबर वाटतो. (त्या मावशीच्या घरच्या म्हातारीकडे दिवसभर कोण बघतं, हे आपण सहसा विचारत नाही.) पण त्यात फक्त या महिन्याचा पगार धरलेला असतो. भविष्य निर्वाह निधीला जोडलेल्या पेन्शनसाठी किमान १० वर्षं सेवा लागते. आठव्या-नवव्या वर्षी बाहेर पडलेली बाई जमा पैसे काढून घेते आणि ते औषधपाण्यात जातात. पुढे म्हातारं माणूस गेल्यावर ती परत कामाला येते तेव्हा जुनी जागा भरलेली असते. मग ठेकेदाराकडे, पॅकिंगला, नव्याने सुरुवात. पर्यवेक्षक होण्याच्या बेतात असलेल्या बायका मी अशा परत आलेल्या पाहिल्या आहेत.

रजेचं म्हणाल तर कामगार विम्यात स्वतः आजारी पडल्यास वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भरपाई मिळते. अवलंबून असलेल्या आईवर सातपूरच्या विमा रुग्णालयात उपचारही होतात. पण तिच्याजवळ थांबण्यासाठी पडलेल्या खाड्यांचे पैसे मात्र कुणी देत नाही. राज्य सरकारी नोकरीत १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. म्हाताऱ्यांसाठी तशी वेगळी रजा नाही.

केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या कुणाची तरी काळजी घेतात, रोज सुमारे १४० मिनिटं. पुरुष २१.४ टक्के, ७४ मिनिटं. यात लहान मुलांचंही आलं. रात्री उठून कूस बदलून देणं त्यात कितपत उतरलं असेल, याची मला शंका आहे.

नाशिकमध्ये ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रं आहेत, ती चालत्याफिरत्या माणसांची. सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात खिळलेल्या माणसाला त्यांचा काय उपयोग? महापालिकेने सिडको, सातपूर आणि नाशिकरोडला निदान एकेक दिवसभराचं सांभाळ केंद्र काढावं. चाकाची खुर्ची आत जाईल असं स्वच्छतागृह, दोन आया, एक परिचारिका आणि पहिल्या पाळीला जुळणारी वेळ एवढ्यानेही पुष्कळ काम होईल. केरळने २००८ मध्ये धोरण आखून पंचायती-नगरपालिकांमार्फत परिचारिका घरी पाठवायला सुरुवात केली. सिंहस्थासाठी रस्ते-पूल करणाऱ्या शहराला हे परवडणार नाही असं नाही.

कारखान्यांनीही आजारी आई-वडिलांसाठी थोडी तरी भरपगारी रजा द्यावी, आणि ती पुरुष कामगारांनाही आहे हे सूचना फलकावर ठळक लावावं. नाहीतर तोही अर्ज बायकोच्याच नावाने येईल.

आपली,
एक निवृत्त कर्मचारी, इंदिरानगर, नाशिक