पिशवीवरचं नाव

प्रिय काका,

हे तुम्हाला वाचता येणार नाही. भेटलो की इंग्रजीत सांगीनच, पण 'थँक्यू सो मच' ऑफिसात दिवसातून चाळीस वेळा म्हणून पार गुळगुळीत झालंय, त्यात आता काही मावत नाही. म्हणून आधी मराठीत, आणि तेही चारचौघांत. आम्ही आपसात तुम्हाला 'काका' म्हणतो, हेही तुम्हाला ठाऊक नाही.

आम्ही चौघं इंग्लंडात, लीड्सला राहतो. एक नाशिकचा, एक कोल्हापूरचा, एक अकोल्याचा आणि मी भोकरदनकडचा. माझं आजोळ असईच्या जवळ. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे इंग्रज सेनापती वेलस्लीची आणि शिंदे-भोसल्यांची फौज भिडली, हे मला शाळेच्या आधी कळलं ते मामाला नांगरताना सापडलेल्या शिशाच्या गोळीमुळे. ती गोळी पुढे वितळवून मासे धरायच्या जाळ्याला वजन म्हणून लावली. कुठल्या शेतात सापडली, बांधापासून किती लांब, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी लिहिलं नाही. मामाला दोष नाही, मीही तेव्हा जाळ्यातले मासेच बघत होतो.

तर मेटल डिटेक्टरचं, म्हणजे जमिनीतला धातू आवाजाने दाखवणाऱ्या मशीनचं, हे खूळ तिथून आलं. इंग्लंडात जमीनमालकाची परवानगी असेल आणि जागा संरक्षित स्मारकाची नसेल, तर मशीन घेऊन शेतात हिंडायला कायद्याची आडकाठी नाही. अडचण माणसांची. एका क्लबाने 'यादी भरली आहे' असं कळवलं, आणि पुढच्याच महिन्यात माझ्या गोऱ्या सहकाऱ्याला त्याच भरलेल्या यादीत जागा झाली. एका आयोजकाने माणशी २५ पौंड घेऊन 'खात्रीचं रणांगण' म्हणत आम्हाला एका कुरणात सोडलं. दिवसभरात काय निघालं? बिअरच्या डब्यांच्या कड्या आणि शिकारीच्या काडतुसांची पितळी बुडं. संध्याकाळी तो म्हणतो, 'एकेकाचं नशीब असतं.' नशीब नाही हो, ते शेत तुम्ही आधी स्वतः चाळून घेतलं होतंत. पाच शेतकऱ्यांना पत्रं टाकली. नकार आला असता तरी चाललं असतं, पण साधं उत्तर आलं नाही.

मशिनं विकून टाकायचं ठरत आलं होतं, तेव्हा तुम्ही भेटलात. यॉर्कशायरातलं मार्स्टन मूर हे जुनं रणांगण, तिथल्या त्या दगडी स्तंभापाशी आम्ही पाटी वाचत होतो आणि तुम्ही कुत्र्याला फिरवत होता. अकोलेकराने डबा उघडून तुम्हाला चिवडा दिला. तुम्ही तो एकेक दाणा तपासून खाल्लात आणि विचारलंत, 'मशीन कुठलं वापरता?'

पुढचं सगळं इथे मांडत नाही. कुणाची परवानगी, कुठलं शेत, हे तर मुळीच लिहीत नाही, कारण रात्री चोरून खणणारेही वाचतात. लाँग मार्स्टन आणि टॉकविथ या गावांच्या मधलं शिवार, एवढं पुरे.

तुम्ही लढाई सांगता ती पाठ केल्यासारखी वाटत नाही, कालच गावात काहीतरी घडलं अशा सुरात सांगता. २ जुलै १६४४. इंग्लंडात राजा विरुद्ध पार्लमेंट अशी यादवी चाललेली. संध्याकाळचे सात वाजून गेलेले, आता लढाई उद्यावर गेली म्हणून राजाच्या बाजूचे सेनापती जेवणाच्या विचारात, आणि विजा कडाडून पाऊस सुरू झाला तसे पार्लमेंटवाले आणि स्कॉट चालून आले. दोनेक तासांत चार हजारांच्या आसपास माणसं गेली. शेवटी राजाच्या बाजूच्या न्यूकॅसल या सरदाराचे पांढऱ्या डगल्यांचे शिपाई तेवढे जागचे हलले नाहीत, जवळजवळ सगळे तिथेच पडले. तेव्हा आमचे शिवाजी महाराज चौदा वर्षांचे होते, असं मी म्हणालो. तुम्ही म्हणालात, 'कोण?' आणि मग धसकटात उभ्या उभ्या पाऊण तास ऐकलंत. मध्ये दोनदा चुकीची माहिती देऊन गेलो, घरी जाऊन लाज वाटली. पुढच्या खेपेला दुरुस्त करीन.

मित्रांना वाटतं मी पोलिसांच्या प्रसंगासाठी आभार मानावेत. गेल्या सप्टेंबरातला तो दिवस. पायवाटेवरून जाणाऱ्या कुणीतरी फोन केला की चार माणसं फावडी घेऊन शेतात आहेत, चोर दिसतात. सकाळी अकरा वाजता, लख्ख उन्हात, भगव्या टोपीतला कोल्हापूरकर! असे चोर असते तर पोलिसांना कामच उरलं नसतं. गाडी आली, तुम्ही बांधावरून चालत आलात आणि एवढंच म्हणालात, 'हे माझ्याबरोबर आहेत.' शेतकऱ्याची चिठ्ठी दाखवलीत. त्या पोलीस बाईही सभ्य होत्या, पाच मिनिटांत गेल्या. त्याबद्दल आभार आहेतच. पण माझ्या मनात घर करून बसलंय ते त्यानंतरचं.

माझा हात अजून थरथरत होता, आणि हेडफोनात आलेला एक आवाज मी नीट न ऐकता ओलांडून गेलो. तुम्ही मागून 'शुक्' केलंत. परत बोलावलंत. मशीन आडवं-उभं फिरवायला लावलंत, दोन्हीकडून आवाज सारखा येतोय का ते ऐकायला लावलंत. वीतभर खाली गोळी निघाली. सुपारीहून थोडी लहान, खडूची पूड चोळल्यासारखी पांढुरकी. कडेने साच्याची बारीक शिवण अजून दिसत होती, आणि एक बाजू कशाला तरी लागून चपटी झालेली. कशाला, ते तुम्ही बोलला नाहीत आणि मीही विचारलं नाही. मी अंगठ्याने माती पुसायला गेलो तर तुम्ही मनगट धरलंत. 'आधी लिहायचं.'

तुमचं लिहिणं आम्हाला पाठ आहे. सापडलेली वस्तू ठेवायच्या छोट्या पिशवीवर जागेचा जीपीएसचा आकडा, खोली, तारीख, आणि कुणाला सापडली त्याचं नाव. इंग्लंडातलीच १४८५ मधली बॉसवर्थची लढाई अँबियन टेकडीवर झाली असं लोक पिढ्यान्‌पिढ्या धरून चालले होते, आणि अशाच जागा टिपून ठेवलेल्या गोळ्यांनी २००९ मध्ये ती जागा तीनेक किलोमीटर सरकवली, हे तुम्हीच सांगितलंत. नुसती गोळी म्हणजे शिसं, असं तुम्ही म्हणता.

मला वाटलं तुम्ही तुमचं नाव लिहाल. आवाज तुम्ही ओळखलात, मी तर पुढे निघून गेलो होतो. तुम्ही पेन्सिल थुंकीने ओली केलीत आणि मला नाव विचारलंत. मी ऑफिसातलं सांगितलं, तीन अक्षरांत कापलेलं, गोऱ्यांच्या सोयीचं. तुम्ही पेन्सिल उचललीच नाहीत. म्हणालात, 'हे नव्हे. पूर्ण. शंभर वर्षांनी कुणी पिशवी उघडली तर माणूस सापडला पाहिजे.'

मग मी पूर्ण नाव सांगितलं. माझं, बाबांचं, आडनाव. तुम्ही गुडघा मातीत टेकवून एकेक अक्षर विचारत लिहीत होता. त्या एवढ्याशा पिशवीवर जागा संपली, तेव्हा ती उलटी करून मागच्या बाजूला लिहिलंत. घाई नव्हती, आमची नावं किती लांब असतात म्हणून हसणं नव्हतं. माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, मुंबईच्या पलीकडे कधी गेले नाहीत. त्यांचं नाव आता यॉर्कशायरच्या मातीतल्या एका गोळीच्या नोंदीत आहे. मला बोलता येईना. मी खड्डा बुजवायच्या निमित्ताने खाली वाकलो, तर तुम्ही म्हणालात, नीट दाब, शेतकऱ्याला कळता कामा नये की आपण आलो होतो.

आम्हाला जागा देणारे खूप भेटले, पैसे घेऊन. आम्हाला सहन करणारेही भेटले, तोंडावर गोड हसून. नाव नीट विचारून घेणारा माणूस बारा वर्षांत ऑफिसात भेटला नाही, बँकेत नाही, शेजारीही नाही. तुम्ही मोठं काहीतरी केलंत असं तुम्हाला सांगितलं तर तुम्ही चिडाल, म्हणून सांगत नाही.

पीक निघालं की फोन करा. अकोलेकर चिवडा आणणार आहे, या वेळी दाणे जास्त घालून. आणि एक राहिलंच. पिशवीवर बाबांच्या नावातलं एक अक्षर तुमच्याकडून सुटलंय. तेव्हा मी बोललो नाही. ते तसंच राहू द्या.

तुमचा,
मागे बोलावून घेतलेला